पाटीवर ‘जायगँटिया’: एका निळ्या डोंगरी कंदाच्या ओळखीच्या आणि लागवडीच्या नोंदी

१७ सप्टेंबर २०२३

मावशीच्या दगडी वाफ्यातले कंद आज ताब्यात आले. जूनमध्ये पानं वाळल्यावर तिनं ते उपसले आणि कागदी पिशवीत, हवेशीर जागी ठेवून दिले. मोजले, ३० भरले. पिशवीत पत्र्याची एक जुनी पाटीही निघाली. अक्षरं बरीच उडाली आहेत. ‘कायोनो’ आणि त्याखाली ‘जायगँ’ एवढंच वाचता येतं.

मावशीला विचारलं तर म्हणाली, “अगं, पाटी लावली तेव्हा डझनभर कंद होते. आता अख्खा वाफा भरलाय. बर्फ वितळायला लागलं की निळी फुलं येतात, एवढंच मला ठाऊक.”

म्हणजे काम दुहेरी आहे. हा नेमका कोणता कंद ते ठरवायचं, आणि तो बियांपासून वाढवून पाहायचा.

१८ सप्टेंबर

कंद बघूनच काही कळतं का ते पाहिलं. बहुतेक पेरूच्या घडणीचे पण छोटे, दीड ते दोन सेंटिमीटर, वरचं साल पातळ आणि फिकट तपकिरी. सिला म्हणजे वसंतात फुलणाऱ्या छोट्या कंदफुलांची प्रजाती. निळ्या सिलांमधली सगळ्यांत जास्त लावली जाणारी जात सिबेरिका, तिच्या कंदाचं साल जांभळट असतं. इथं तसं एकही नाही. त्यामुळे सिबेरिका बहुधा बाद. पण पुश्किनिया या तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या कंदफुलाचे कंदही फिकटच असतात. कंदावरून शेवटचा निकाल देता येत नाही, फक्त काही नावं खोडता येतात.

दोन कंद दाबून पाहिले तर मऊ लागले. बुडाशी राखाडी बुरशी होती. फेकले. राहिले २८.

१ ऑक्टोबर

लावणी केली. चार कुंड्या, प्रत्येकी सहा कंद. नावं क, ख, ग, घ. उरलेले चार कंद दगडांच्या फटींमधल्या मातीत, थेट जमिनीत.

मिश्रण: एक भाग पोयट्याची माती, एक भाग चाळलेलं पानखत, दोन भाग बारीक खडी आणि भरड वाळू. खडी एवढी जास्त का, तर हा कंद डोंगरउतारावरचा आहे. वसंतात बर्फाचं पाणी त्याच्या मुळांवरून वाहत जातं, साचत नाही. थंडीनं तो मरत नाही, थंडीत ओल्या मातीत बसून राहिला तर मरतो.

खोली आठ सेंटिमीटर. कंदाच्या उंचीच्या तिपटीहून थोडी जास्तच. उथळ लावलेले कंद कुंडीत गोठण-वितळणीनं वर उचलले जातात. प्रत्येक कंदाशेजारी क्रमांकाची काडी खोचली. हे काम कंटाळवाणं, पण करायलाच हवं. फुलं आल्यावर ‘तो डावीकडचा’ असं लिहून पुढच्या वर्षी काही उमगत नाही.

एक भरपूर पाणी. शरद ऋतूतलं हे पहिलं पाणी मुळांना जागं करतं.

२९ ऑक्टोबर

ख कुंडीच्या बुडातल्या भोकातून पांढरी मुळं डोकावतायत. वर मात्र माती तशीच सपाट.

१९ नोव्हेंबर

क, ख आणि ग या कुंड्या बाहेर वाळूच्या पेटीत गळ्यापर्यंत पुरल्या. जमिनीतल्या कंदाला थंडी फक्त वरून लागते, कुंडीतल्याला चारही बाजूंनी. कंद स्वतः कडाक्याची थंडी सोसतो, पण कुंडीच्या भिंतीला चिकटलेली मुळं एकदम गोठली की दुखावतात. वाळूमुळे गोठणं-वितळणं सावकाश होतं.

वाळूत घ साठी जागा उरली नाही. ती काचेच्या बंद ओसरीत ठेवली.

१४ जानेवारी २०२४

बाहेर सगळं पांढरं. कुंड्यांवर वीतभर बर्फ. आज वाचन.

पिएर एदमों ब्वासिए या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाला ही फुलं १८४२ मध्ये पश्चिम तुर्कस्तानातल्या बोझ दा पर्वतावर, वितळत्या बर्फाच्या कडेला दिसली. प्राचीन ग्रीक ज्याला त्मोलस म्हणत तोच हा डोंगर. १८४४ मध्ये त्यानं नाव दिलं कायोनोडोक्सा लुसिली. ग्रीकमध्ये ‘कायोन’ म्हणजे बर्फ, ‘डोक्सा’ म्हणजे वैभव. लुसिली हे त्याच्या बायकोच्या, लुसीलच्या, नावावरून. जॉर्ज मॉ यानं १८७७ मध्ये कंद बागांपर्यंत आणले.

घोटाळा त्यानंतरचा आहे. तुर्कस्तानातल्या डोंगरांत याच प्रजातीची फोर्बेसी नावाची दुसरी जात आहे. तिच्या एका दांड्यावर पुष्कळ फुलं येतात. बागांमधून बराच काळ हीच ‘लुसिली’ म्हणून फिरत राहिली. मग खऱ्या लुसिलीचं, म्हणजे कमी पण मोठ्या फुलांच्या झाडाचं, काय करायचं? तिला ‘जायगँटिया’ म्हणू लागले.

हे वाचलं आणि लगेच उठून पाटी शोधली. पाटी खरी असेल तर मावशीनं लावलेले कंद खऱ्या लुसिलीचे होते.

पण त्यानंतर वाफा आपोआप भरला आहे. ही फुलं बी टाकून पसरतात आणि जवळच्या जाती एकमेकींत संकर करतात. सुरुवातीच्या डझनाबद्दल पाटी बोलते. आजच्या तीसबद्दल तिला काही माहीत नाही.

११ फेब्रुवारी

ओसरीतल्या घ कुंडीत कोंब. बाहेरच्यांत नाहीत.

१८ फेब्रुवारी

घ मध्ये फुलं उमलली, पण मातीला टेकून. दांडा दोन सेंटिमीटरसुद्धा नाही. पानं मात्र लांबलचक आणि लोळलेली. पाच कंदांची हीच गत, सहावा वर आलाच नाही.

चूक माझी. बंद ओसरीत दुपारी ऊन चढून चांगली ऊब होत होती. या कंदांना फुलाचा दांडा लांबवायला बारा ते पंधरा आठवडे सलग गारवा लागतो. कळी आदल्या उन्हाळ्यातच कंदाच्या पोटात तयार झालेली असते, म्हणून फूल येतं. थंडी अपुरी पडली की कळी आहे त्याच जागी उघडते. या कुंडीवरून ओळखीसाठी काहीही मोजायचं नाही. उंची, फुलांची मांडणी, सगळंच बिघडलेलं आहे.

३ मार्च

क, ख, ग तिन्हींत कोंब. बर्फाचा पातळ थर अजून आहे आणि त्यातूनच टोकं वर आलीत. पानाचं टोक बघण्यासारखं आहे. होडीच्या नाळेसारखं आत वळलेलं, जरा जाड, तांबूस झाक असलेलं. दोन पानं एकमेकांवर हात जोडल्यासारखी चिकटलेली आणि त्यांच्या पोटात कळ्या. माती फोडायचं सगळं काम या जाड टोकाकडे.

१६ मार्च

पहिलं फूल, क-२.

दुपारच्या उन्हात उमललं. संध्याकाळी मिटेल म्हणून तीन वाजता सुई, भिंग आणि मोजपट्टी घेऊन बसले. सविस्तर लिहून ठेवते, कारण ओळख इथंच पटते.

सहा पाकळ्या. काटेकोर बोलायचं तर परिदलं, कारण इथं निदलं आणि पाकळ्या असा भेद नसतो. नोंदीत मी पाकळ्याच म्हणेन. गडद निळा रंग, मधोमध मोठा पांढरा डोळा. फूल जरासं बाजूला कललेलं.

मग एक पाकळी बुडाशी धरून हलकेच खाली ओढली. सुटी आली नाही. शेजारच्या दोघींना ओढत, फाटत आली. सहाही पाकळ्या बुडाशी जुळून छोटी नळी झाली आहे, सुमारे ४ मिलिमीटरची. सिला बायफोलिया किंवा सिबेरिका असती तर पाकळी मुळापासून सुटी निघाली असती.

आता मध्यभाग. पुंकेसरांचे तंतू दोऱ्यासारखे नाहीत, पट्टीसारखे चपटे आणि पांढरेशुभ्र. तीन लांब, तीन आखूड, एकाआड एक. सगळे एकमेकांना टेकून मधोमध शंकूसारखे उभे, वर पिवळे परागकोश. लांबून ही एकसंध पांढरी वाटी वाटते. पुश्किनियात खरोखरच तशी जोडलेली वाटी असते आणि परागकोश तिच्या आत. इथं सुई घातली तर प्रत्येक तंतू वेगळा झाला. म्हणजे पुश्किनिया नाही, आणि प्रत्येक पाकळीवर तिची गडद रेघही नाही.

जुळलेली नळी, चपटे असमान पांढरे तंतू, सुटे. कायोनोडोक्सा नक्की.

दांड्यावर सात फुलं. फुलाचा व्यास २४ मिलिमीटर. सात फुलं आणि मोठा पांढरा डोळा म्हटल्यावर ही फोर्बेसी. काही जण बागेतल्या झाडाला सीहेई अशी वेगळी जात मानतात. मी त्यात शिरणार नाही.

१९ मार्च

क कुंडीत सहाही फुलले. फुलांची संख्या ७, ५, ८, ६, ४, ६. सगळे पांढऱ्या डोळ्याचे. सगळे फोर्बेसी.

पाटी खोटी ठरली असं मी काल मावशीला फोनवर सांगून टाकलं. ती म्हणाली, “थांब गं, बाकीच्या कुंड्या बघ आधी.”

२१ मार्च

ख-१ आणि ख-५: पांढरा डोळा जवळजवळ नाही. पाकळ्या बुडापर्यंत गडद निळ्या आणि मधोमध तंतूंचा पांढरा ठिपका तेवढा उठून दिसतो. दांड्यावर आठ-नऊ लहान फुलं. ही सार्डेन्सिस, कायोनोडोक्साचीच आणखी एक जात. प्राचीन सार्डिस शहराचं नाव तिला मिळालंय, आणि ते शहर बोझ दाच्याच पायथ्याशी होतं. मावशीच्या वाफ्यात ती कशी आली कुणास ठाऊक. आता मात्र डोळ्यांना फार सुखावणारी आहे. फोर्बेसीचा निळा आनंदी आहे, हिचा खोल आहे.

ख-४: फक्त दोन फुलं.

२३ मार्च

ग-२: इथंही फक्त दोन फुलं. आता विचार करायला लागलं.

खरी लुसिली एका दांड्यावर एक-दोन, फार तर तीन फुलं देते. संख्येवर गेले तर ख-४ आणि ग-२ दोन्ही लुसिली. पण कोवळा किंवा अशक्त कंदही कमी फुलं देतो, जात कोणतीही असो. म्हणून दोन्ही शेजारी ठेवून बघितल्या.

ख-४: व्यास २२ मिलिमीटर, रंग गडद, पांढरा डोळा मोठा, फुलं बाजूला कललेली. पान एकच चांगलं वाढलेलं.

ग-२: व्यास ३६ मिलिमीटर. रंग फिकट, जांभळसर निळा. पांढरा डोळा लहान. दोन्ही फुलं आभाळाकडे तोंड करून. पानं रुंद, आखूड, मागं वळलेली.

मला वाटतं ख-४ म्हणजे लहान वयाची फोर्बेसी आणि ग-२ म्हणजे लुसिली. पण ‘वाटतं’ एवढ्यावर पाटी लिहायची नाही. दोन्ही काड्यांना लाल दोरा बांधला. पुढच्या वसंतात बघू.

२६ मार्च

ग-६ वर अडखळले. पाकळ्या फोर्बेसीच्या, पण परागकोश काळे. बायफोलियाचे परागकोश निळे असतात आणि कायोनोडोक्साचा तिच्याशी संकर होतो हे जुनं ज्ञात आहे. त्या संकराला अॅलेनाय म्हणतात. तसं काही हाती लागलं या आनंदात तासभर गेला.

मग परागकोश पांढऱ्या कागदावर झटकला. निळे पराग पडले नाहीत. काळपट तपकिरी, काजळीसारखी भुकटी पडली आणि बोट लावल्यावर पसरली. परागकोश फुगलेला आणि आतून पोकळ. ही काणी. कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी भरते तीच जातकुळी, फक्त ही बुरशी परागांच्या जागी आपले बीजाणू भरते. फुलावर येणारी माशी ते पुढच्या फुलावर नेते आणि कंदातही ती टिकून राहते. औषध नाही.

ग-६ मुळासकट, भोवतालच्या मातीसकट काढून जाळला. खतात टाकला नाही. सुई आणि बोटं स्पिरिटनं पुसली. ग-२ त्याच कुंडीत चार बोटांवर आहे, त्यामुळे रात्री नीट झोप लागली नाही. यापुढे रोज भिंगातून परागकोश तपासायचे.

६ एप्रिल

ग-२ स्वच्छ. परागकोश पिवळे. मऊ कुंचल्यानं तिचे पराग तिच्याच दुसऱ्या फुलावर लावले आणि पातळ जाळी बांधली.

२८ एप्रिल

फुलं संपली. अर्ध्या मात्रेचं पातळ, पालाश जास्त असलेलं खत दोनदा दिलं. फूल गेल्यानंतरचे पाच-सहा आठवडे कंदाची कमाई या पानांवरच चालते. पानं पिवळी पडेपर्यंत कापायची नाहीत, गाठ मारायची नाही, सावलीत ढकलायची नाहीत.

मावशीला फोन. फोर्बेसी, सार्डेन्सिस आणि बहुधा एक लुसिली, असं सांगितलं. तिचं म्हणणं, “मग पाटी खोटी नव्हती तर.” नाही, खोटी नव्हती. मीच घाई केली होती.

२६ मे

दांडे आडवे पडलेत. ते कोमेजून पडलेले नाहीत. बोंडं जड झाली की दांडा स्वतःच जमिनीला टेकतो. कारण आज दिसलं. दगडी वाफ्यातलं एक बोंड तिरपं फाटलं होतं, आत गोल काळपट बिया आणि प्रत्येकीला पांढरट मांसल गाठ चिकटलेली. एक मुंगी ती गाठ धरून बी ओढत होती. दगडावरून घसरली, परत पकडली, फटीत शिरली. गाठीत तेल असतं. मुंगी गाठ खाते आणि बी टाकून देते. वाफा आपोआप कसा भरला याचं उत्तर इथंच मिळालं. सात फुलांच्या फोर्बेसीनं दर वर्षी सात बोंडं मुंग्यांच्या हवाली केली, दोन फुलांच्या लुसिलीनं दोन. बारा कंदांतली लुसिली कुठं गेली ते आता कळतंय.

ग-२ च्या एकाच बोंडात बी धरलं. १४ बिया.

२ जून

बी लगेच पेरलं. वाळवून डबीत ठेवलं तर उगवण लांबते. ग-२ च्या १४ बिया एका उथळ कुंडीत. क मधल्या फोर्बेसीच्या ४० बिया दुसऱ्यात. वर अर्धा सेंटिमीटर खडी. बाहेर, उत्तरेच्या भिंतीला. आधी उन्हाळा, मग हिवाळा, दोन्ही त्यांना लागतात.

मोठ्या कुंड्यांना पाणी कमी केलं, पूर्ण बंद नाही. काही ट्यूलिपांना भट्टीसारखा उन्हाळा लागतो तसा यांना नको. वाळू किंचित ओलसर राहील एवढंच.

१५ सप्टेंबर

कुंड्या उलटून माती बदलली. क मधल्या सहांचे अकरा कंद झालेत. ख-४ चांगलाच फुगलाय, १२ वरून १९ मिलिमीटर. ग-२ आहे तेवढाच, शेजारी गव्हाच्या दाण्याएवढं एक पिल्लू. घ मधले पाच कंद लहान झालेत पण जिवंत आहेत. आता तेही वाळूत.

सगळे कंद लावले त्यापेक्षा दोन बोटं खाली सापडले. मुळं आखडून कंदाला खाली ओढतात.

२३ फेब्रुवारी २०२५

उथळ कुंडीत हिरवे धागे. जाड दोऱ्याएवढे, टोकाला बियाचं काळं टरफल टोपीसारखं. गवत समजून उपटले जातात ते हेच. एका बीजाला पहिल्या वर्षी एकच असं पान. फोर्बेसी २९, लुसिली ३.

९ मार्च

लुसिली ५. आणखी येतील असं वाटत नाही.

२० मार्च

ख-४ उमलला. सहा फुलं. पांढरा मोठा डोळा, व्यास २५ मिलिमीटर. फोर्बेसी. गेल्या वर्षी तो फक्त लहान होता.

२४ मार्च

ग-२ उमलला. दोन फुलं. कंद सशक्त, पानं दोन्ही भरदार, तरी दोनच. व्यास ३७ मिलिमीटर, रंग तोच फिकट, डोळा लहान, तोंड वर. परागकोश एकेक करून तपासले, बारा, सगळे पिवळे. ग कुंडीतल्या बाकीच्या चारांतही काणी नाही.

लाल दोरा सोडला.

२७ मार्च

पाट्या लिहिल्या. नाव कोणतं लिहायचं यावर थोडं थांबले. ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रान्झ श्पेटा यांनी कायोनोडोक्साच्या जाती सिला प्रजातीत घातल्या आणि आज अनेक ठिकाणी तेच धरतात. बायफोलियाशी संकर होतो हे पाहता ते पटतंही. पण जुळलेली नळी आणि चपटे तंतू मी सुईनं उघडून पाहिलेत, आणि कुंडीसमोर उभं राहिलेल्याला हा फरक उपयोगी पडतो. म्हणून पाटीवर दोन ओळी: वर ‘सिला लुसिली’, खाली ‘कायोनोडोक्सा लुसिली, जुनी जायगँटिया’. मागच्या बाजूला, ‘मावशीच्या वाफ्यातून, २०२३’.

मावशीची पत्र्याची पाटी पुसली नाही. तीही त्याच कुंडीत खोचली.

३० मार्च

मावशी येऊन गेली. ग-२ समोर वाकून बराच वेळ बघत होती. म्हणाली, “हीच गं. पहिल्या वर्षी अशीच होती, वर बघणारी. मी समजत होते माझे डोळे अधू झालेत म्हणून फुलं लहान दिसतायत.”

पिल्लू मोठं झालं की ते तिचं.

११ एप्रिल

ग-२ वर पुन्हा कुंचला फिरवला, जाळी बांधली. आणखी कुठं लुसिली निघाली तर परपराग मिळेल आणि बोंडं भरतील. तिच्या वाफ्याचा उत्तरेकडचा कोपरा आम्ही अजून उपसलेला नाही. जूनमध्ये तिथं जायचं ठरलंय, फुलं आजच पाहून काड्या खोचून आले. वर तोंड केलेली तीन सापडली.

उथळ कुंडीतले पाचही धागे शाबूत. त्यांची फुलं २०२८ च्या सुमारास.